गरिबांच्या मुलांना कौशल्य आणि आपल्या मुलांना पदवी?

परळकर (धागाकर्ता): "बी.ए. होऊन बेकार फिरण्यापेक्षा गरिबाच्या मुलाला आठवीनंतर सरळ आयटीआयला घाला, म्हणजे दारिद्र्य आपोआप हटेल," असे काल येथे एका सदस्याने लिहिले आणि त्यावर माना डोलावणाऱ्यांची रांग लागली, म्हणून हे सविस्तर उत्तर. घानाबद्दल हेच बोलले जात असताना शिक्षणाचे अभ्यासक फिलिप फॉस्टर यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले होते की, पालक पुस्तकी शाळा निवडतात ते अडाणीपणामुळे नव्हे, तर कारकुनीत मिळकत जास्त आहे हे त्यांना नीट कळते म्हणून. याउलट इंडोनेशियाने १९७३ नंतरच्या काही वर्षांत तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. त्या शाळांमुळे मुले अधिक शिकली आणि पुढे त्यांची मजुरीही वाढली, असे अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांचा अभ्यास सांगतो.

फिटर_कुर्ला: इंडोनेशिया राहू द्या. १९८२ च्या संपात माझ्या वडिलांची गिरणी सुटली ती कायमचीच. दहावीनंतर मी फिटर ट्रेड केला, ठाणे-बेलापूर पट्ट्यात लागलो आणि त्या पगारावर दोन बहिणींची शिक्षणे व लग्ने झाली. ज्यांनी आयुष्यात कानस हातात धरली नाही, त्यांनी आयटीआयला नावे ठेवू नयेत.

चाळकरी: आपल्या काळी शिकाऊ उमेदवारीनंतर कायम होता येत असे, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे वगळलीत. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा अप्रेंटिसला कामगार मानत नाही आणि त्याला नोकरी देण्याचे बंधनही मालकावर घालत नाही. माझ्या भाच्याने इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून एका कारखान्यात वर्षभर खोकी बांधली. २० मार्च २०१८ रोजी माटुंगा-दादरदरम्यान रेल्वेचे अप्रेंटिस कायम नोकरीसाठी रुळांवर बसले, तेव्हा "लोकल अडली" एवढेच या शहराला दिसले.

साकीनाका_वर्कशॉप: सगळे मालक चोर, असेच म्हणायचे असेल तर स्पष्ट म्हणा. मुलाला मापे घ्यायला, ड्रॉइंग वाचायला मी शिकवायचे, त्याने बिघडवलेला माल मी सोसायचा आणि हात बसला की त्याने दोन हजार जास्त देणाऱ्याकडे जायचे! भाच्याचे ऐकून आम्हाला शोषक ठरवणाऱ्यांनी एक महिना माझे दुकान चालवून दाखवावे.

चाळकरी: मग त्या दोन हजारांत त्याला ठेवून घ्यायला आपल्याला कोणी अडवले होते?

परळकर: धागा अप्रेंटिसवर घसरलाच आहे, तर २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही पाहा. बारावी उत्तीर्णाला सहा, आयटीआयवाल्याला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवणारे सरकारच जर पदवीला वरचा भाव देत असेल, तर चाळीतल्या आईबापांनी कौशल्याची महती कोणाकडून ऐकावी? जर्मनीचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, तेथे प्रशिक्षणाचा मोठा खर्च उद्योग उचलतात आणि उमेदवाराची परीक्षा त्यांचीच चेंबर, म्हणजे उद्योग-व्यापाऱ्यांची मंडळे, घेतात. शिवाय ज्याला दशांश अपूर्णांक येत नाहीत, त्याला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, कोण वाचायला शिकवणार?

फिटर_कुर्ला: अपूर्णांक मला महापालिकेच्या शाळेतल्या गुरुजींनी शिकवले, तेव्हा तेवढा एक गुण आपण आपल्या पारड्यात टाकून घ्या आणि आनंदात राहा. आठवीनंतर नव्हे, दहावीनंतर, एवढी दुरुस्तीही मी करतो. मात्र येथे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांची मुले आयटीआयला आहेत, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

साकीनाका_वर्कशॉप: माझा मुलगा अभियांत्रिकीला आहे आणि त्यात मी काही लपवत नाही. फिटरला मी काय देतो, हे त्याने घरीच पाहिले आहे. राहिला विद्यावेतनाचा प्रश्न. शिकवलेला मुलगा दोन वर्षे टिकेल अशी हमी मिळाली तर मी ते वाढवीन, त्याआधी नाही.