बाबांना पेसमेकर बसवलाय, मायक्रोवेव्हचं दार उतरलंय: काय करू?

अबोली:
बाबांना तीन आठवड्यांपूर्वी पेसमेकर बसवला. आयुष्यभर स्वतःचं पाणी स्वतः तापवून घेणारा माणूस आता स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारतो, "आत येऊ का गं? काही चालू नाही ना?" ऐकलं की पोटात कालवतं. ओट्यावर इंडक्शन आहे, कोपऱ्यात मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्हचं दार हल्ली खालून उतरलंय, उचलून लावावं लागतं. आत मोबाइल ठेवून रिंग दिली तर वाजली. म्हणजे रेडिएशन बाहेर येतंय का? अन्नात राहतं का? आणि इंडक्शनचं काय?

पानापक्कड:
अबोलीताई, अठरा वर्षं ही यंत्रं दुरुस्त करतोय. दार उचलून लावावं लागत असेल तर आजच प्लग काढून ठेवा.

मॅग्नेट्रॉनच्या, म्हणजे आतल्या लहरी तयार करणाऱ्या नळीच्या, लहरी २४५० मेगाहर्ट्झच्या, तरंगलांबी साधारण १२ सेंटिमीटर. काचेतल्या जाळीची भोकं एक-दोन मिलिमीटरची, तिथून त्या निसटत नाहीत. नाजूक जागा म्हणजे दाराची कड. तिच्या आत तरंगलांबीच्या पाव हिश्शाची, जेमतेम ३ सेंटिमीटरची खाच असते. फटीत शिरलेली लहर ती परत आत फिरवते. दार उतरलं, कडेला पोचा आला किंवा चिकट थर साचला, की हा हिशेब बिघडतो.

मोबाइलवर जाऊ नका. त्याला इतका क्षीण सिग्नल पुरतो की धडधाकट मायक्रोवेव्हमध्येही रिंग वाजते. लीकेज मीटर, म्हणजे गळती मोजायचं यंत्र, लावणाऱ्यालाच बोलवा. मर्यादा आहे ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट. अमेरिकेत ती १९७१ पासून आहे. अर्ध्या मीटरवर उभं राहिलं तर त्याचा साधारण शंभरावा भाग उरतो.

अन्नात काही राहत नाही. मॅग्नेट्रॉन बंद झाला की लहरी संपल्या. एक्स-रेसारखं अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याचं बळ त्यांच्यात नाही, त्या फक्त तापवतात. म्हणून खूप गळती असली तर धोका भाजण्याचा, आणि डोळ्यांचा: डोळ्याच्या भिंगात उष्णता वाहून न्यायला रक्तच नसतं.

आणि हात जोडून सांगतो, कव्हर स्वतः उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. माझ्यासोबत शिकणाऱ्या एका मुलाचा हात तिथे लागला होता. तो मागच्या भिंतीवर आदळला. वाचला, पण तो आवाज मी विसरलेलो नाही.

सावली:
यांना पेसमेकर बसवून सहा वर्षं झाली. आम्हाला मायक्रोवेव्हपेक्षा इंडक्शनला जपायला सांगितलं. काचेखालच्या तांब्याच्या गुंडाळीतून २० ते १०० किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र निघतं आणि भांड्याच्या बुडात वीज फिरवून तेच तापवतं. भांडं छोटं असलं, बूड वाकलेलं असलं किंवा ते कडेला सरकलं, की क्षेत्र बाजूने बाहेर पडतं. छाती आणि इंडक्शन यांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवायचं. मी जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावली, हे तिच्यामागे उभे राहतात. भांड्यात वाकून बघायचं नाही, ते मी बघते. चक्कर आली तर आधी लांब व्हायचं, मग डॉक्टरांना फोन. पेसमेकरचं कार्ड दाखवून तुमच्या डॉक्टरांकडून अंतर पक्कं करून घ्या.

निरभ्र:
आमच्याकडे मायक्रोवेव्ह लावला की वायफाय अडखळतं. तेही गळतीमुळेच?

पानापक्कड:
हो, पण घाबरू नका. बरंचसं वायफायही २.४ गिगाहर्ट्झच्याच, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात चालतं. राउटर दहावा भाग वॉट फेकतो, मायक्रोवेव्हच्या आत सातशे ते हजार वॉट असतात. मर्यादेतली गळतीही त्याला अडवायला पुरते. दार नीट बसतंय ना, एवढं बघा.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. खालच्या बिजागरीची पिन झिजली होती, ती बदलली. कडेभोवती मीटर फिरवताना मी शेजारीच उभी होते, आकडा ०.४ मिलिवॉटच्या वर गेला नाही. डॉक्टरांनीही ६० सेंटिमीटरच सांगितलं. सावलीताई, पट्टी लावलीय, पिवळी. आज सकाळी बाबा तिच्यामागे उभे राहिले, हात लांब करून बटण दाबलं आणि स्वतःचं पाणी तापवलं. मला हाक मारली नाही.