आधी कागद-पेन्सिल, फिग्मा नंतर

सॉफ्टवेअर बनवून घेताना प्रोटोटाइपवर, म्हणजे आधी करून पाहायच्या कच्च्या नमुन्यावर, खर्च कशाला, मागण्यांची यादी देऊन थेट कोडिंग सुरू करा, असा सल्ला दिला जातो. पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउससाठी (जिथे द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात) तरी मला हे पटत नाही. यादीत 'आवक नोंद' एवढंच लिहिलेलं असतं. एका गाडीत दोन प्लॉटचा माल आला तर नोंद एक की दोन? युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या 'ग्रेपनेट' या ऑनलाइन प्रणालीत नोंदणीकृत प्लॉटपर्यंत लागतो, म्हणून हे आधीच ठरायला हवं. नंतर ठरलं तर डेटाबेसची मांडणीच बदलते आणि त्याचं बिल वेगळं येतं.

कोऱ्या कागदावर पेन्सिलने स्क्रीन काढा. मग मालकाला नव्हे, आवक लिहिणाऱ्या माणसाला त्यावर बोट ठेवत एखादी खरी गाडी नोंदवायला सांगा. तुम्ही गप्प बसा (हेच सगळ्यात अवघड). तो जिथे अडेल तिथे खूण करा. त्याची जुनी वहीही चाळा. समासात खरडलेलं यादीत कधीच येत नाही.

फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या चकचकीत स्क्रीन पाहून मालकाला वाटतं, झालंच की! पण त्यामागे ना डेटाबेस, ना हिशोब. म्हणून रंग, लोगो शेवटी.

हे सगळं पावसाळ्यात उरका. जानेवारी ते एप्रिल हंगामात तुमच्याशी बोलायला कोणाला फुरसत नसते. आणि करारात प्रोटोटाइपचा टप्पा वेगळ्या रकमेचा ठेवा, म्हणजे पुढचं काम दुसऱ्या कोणाला द्यायची मोकळीक राहते.