निर्घृण : ज्याला घृणा नाही तो क्रूर कसा?

‘निर्घृण खून’ हे बातम्यांमधलं ठरलेलं जोडपं. पण घृणा म्हणजे किळस, तिटकारा. मग ज्याला कुणाचीच किळस येत नाही तो भला माणूस व्हायला हवा. शब्द उलटा का चालतो?

– संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या समानार्थी शब्दांच्या कोशात, ती करुणा, कृपा, अनुकंपा यांच्याच पंगतीला बसली आहे. मराठीत तिटकाराच उरला, ‘निर्घृण’मध्ये मात्र जुना अर्थ टिकून राहिला.

गंमत म्हणजे या शब्दाखाली खुद्द ईश्वरावर आरोपपत्र आहे. ब्रह्मसूत्र (वेदान्ताचा मूळ सूत्रग्रंथ) २.१.३४ : ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात् तथा हि दर्शयति’. वैषम्य म्हणजे पक्षपात, नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. आरोप असा : देव सुखात, पशू दुःखात, माणूस अधेमधे. शिवाय शेवटी सगळ्यांचा संहार. या सूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्य पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचा आक्षेप, मांडताना हातचं राखत नाहीत : दुष्टांनाही जुगुप्सा वाटावी असं हे निर्घृणत्व, म्हणतात. किळशीसाठी तिथे ‘जुगुप्सा’ आहे बघा, घृणा नाही. उत्तर असं की ईश्वर प्राण्यांच्या कर्मानुसार सृष्टी करतो. पाऊस सगळीकडे सारखाच. भात की जव, ते बियाण्यावर.

– तान्ह्या बाळाच्या आजारपणात हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. आणि पहिल्या जन्माआधी कर्म आलं कुठून?

– हा आक्षेप पुढच्याच सूत्रात घेतलाय. उत्तर : संसार अनादि आहे, ‘पहिला जन्म’ असं काही नाही. तर्क चोख आहे, पण माझ्या मते त्याने फक्त वैषम्य सुटतं. न्यायाधीश निःपक्षपाती असूनही निर्दय असू शकतोच की! नैर्घृण्याचा आरोप मला तरी अर्धा शिल्लक दिसतो. सूत्रकारांनी दोन शब्द वेगळे ठेवले हे बरं केलं.

– मग ‘देव निर्घृण आहे’ असं लिहिलं तर चालेल?

– व्याकरणाने चालेल, कानाला खटकेल. आज निर्घृण हे विशेषण खून, हत्या, अत्याचार यांनाच लागतं. देवाला आपण निष्ठुर म्हणतो, आणि तेही बहुधा ज्याच्यावर हक्क वाटतो त्यालाच. रागात रुसवाही असतो. तत्त्वचर्चेत लिहायचं असेल तर ‘नैर्घृण्य’ खुशाल वापरा, फक्त कंसात ‘निर्दयपणा’ द्या. आणि ‘निघृण’ लिहू नका, रफार हवाच.