ऊन आणि बॅटरी: माझा अनुभव

पळताना बांधायच्या घड्याळाचा अमोलेड पडदा (ज्याचे बिंदू स्वतःच उजळतात तो) उन्हात दिसतच नाही, असं एका दादांनी लिहिलंय. तितकंही नाही हो. माझ्याकडे अमोलेडचं आणि एमआयपीचं (मेमरी-इन-पिक्सेल, बाहेरच्या उजेडावर दिसणारा पडदा) अशी दोन्ही घड्याळं आहेत. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात पहाटे साडेपाचला झाडांखाली मिट्ट काळोख असतो, तेव्हा एमआयपीचा पडदा राखाडी पाटीसारखा. बटण दाबून दिवा लावावा लागतो. अमोलेडचे आकडे मात्र ठळक. उलट राजहंसगडाच्या चढावर नऊचं ऊन डोक्यावर आलं की एमआयपी उजळतं, कारण ते उन्हाचाच प्रकाश परत फेकतं. त्यातला प्रत्येक बिंदू आपलं चित्र स्वतःच धरून ठेवतो, म्हणून बॅटरी फारशी खातच नाही.

गार्मिनचेच आकडे बघा: एमआयपीच्या फोररनर २५५ घड्याळाला जीपीएसवर ३० तास, अमोलेडच्या २६५ ला २०. अमोलेडचा पडदा सतत चालू ठेवलात तर आणखी घट.

रोज तासभर पळणाऱ्याला २० तास भरपूर झाले. पण जांबोटीकडे दोन दिवस भटकायचं, त्यात पावसाळ्यात लाईटीचा भरवसा नाही, तर मी एमआयपीच बांधतो.

आणि चाळिशी घरी ठेवून पळणाऱ्यांनो, पडद्यावर सहा आकडे कोंबू नका, दोनच मोठे ठेवा. अमोलेडवर पार्श्वभूमी काळी ठेवा; काळे बिंदू बंदच असतात, तेवढीच बॅटरी वाचते.