दोन सेकंदांसाठी अडकलो

जिनिंगवाला, पांढरकवडा: भाऊ, गाठी बांधायच्या प्रेसचा टायमर दोन सेकंद वाढवायचा, एवढंच काम. प्रेसच्या पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटरचं) प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स विंडोज एक्सपीच्या लॅपटॉपवर होतं, त्याची हार्डडिस्क गेली. पेनड्राइव्हवरचा प्रोजेक्ट (प्रोग्रामची फाइल) नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये उघडला, तर नव्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्टच झाला! आता शेजारच्या जिनिंगमधल्या जुन्या सॉफ्टवेअरवर उघडेना. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागतील.

फिटर, वर्धा: कन्व्हर्ट करायच्या आधी कॉपी काऊन नाही ठेवली? पीएलसीतून अपलोड करून पाहा. प्रोग्राममधल्या कॉमेंट (टिपा) येतीलच असं नाही. एक्सपीचा सपोर्ट 2014 लाच संपला. जुनं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या एक्सपीत) चालवा.

जिनिंगवाला: अपलोड पासवर्ड मागते. कंट्रोल पॅनेल बनवणारा पॅनेलवाला फोन उचलत नाही.

हिंगणघाटकर: पीएलसी प्रोग्रामिंगचं आयईसी 61131-3 स्टँडर्ड आलं, लॅडर (शिडीसारखी काढायची प्रोग्रामची भाषा) सगळ्या कंपन्यांची सारखी झाली म्हणे. फाइल मात्र ज्या कंपनीची तिच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. पॅनेलवाल्याचं बिल बाकी आहे का? असंल तर उचलतो फोन.