मार्चमध्ये अमेरिकेचं घड्याळ पुढं जातं, मग माझा क्लास अलीकडं का घ्यावा लागतो?

नांदेडच्या गणिताच्या बाई

नमस्कार. मी नांदेडहून ऑनलाइन गणित शिकवते. माझी सकाळी 7 ची बॅच अमेरिकेतल्या मराठी लेकरांची आहे. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे 8:30 झालेले असतात. त्याच बॅचमध्ये फिनिक्सचं एक लेकरू आहे, त्याच्याकडं संध्याकाळचे 6:30. रात्री 9:30 ला जर्मनीची बॅच, त्यांच्याकडं दुपारचे 5.

मार्च आला की न्यू जर्सीच्या आया लिहितात, "बाई, क्लास तासभर अलीकडं घ्या, लेकरं पेंगायलेत." फिनिक्सची आई म्हणते, "आमच्याकडं काहीच बदललं नाही, 7 च ठेवा." जर्मनीवाले तेव्हा गप्प असतात आणि पुढं काही आठवड्यांनी तेही तेच म्हणतात. घड्याळ ते लोक पुढं करतात, मग माझा क्लास अलीकडं का यावा? आणि एकाच देशात फिनिक्स वेगळं कसं? नुसता तक्ता नको, फळ्यावर मांडून दाखवता येईल असं कारण सांगा. दिवसभराची शाळा करून लेकरू माझ्यासमोर बसतं. पेंगत्या लेकराला अपूर्णांक शिकवणं मला पटत नाही.

उदगीरकर, मु. पो. फ्रँकफर्ट

बाई, फळ्यावर एक संख्यारेषा काढा. मधे शून्य, ते यूटीसी, म्हणजे जगातली सगळी घड्याळं जिच्यापासून मोजतात ती वेळ. भारत उजवीकडं +5:30 वर. तो वर्षभर तिथंच असतो, मार्च असो की नोव्हेंबर. न्यू जर्सी हिवाळ्यात −5 वर असते, दोघांतलं अंतर साडेदहा तास. घड्याळ तासभर पुढं केलं की ती −4 वर येते, म्हणजे आपल्याकडं सरकते. अंतर उरलं साडेनऊ. तुमचे सकाळचे 7 आता त्यांचे रात्रीचे 9:30 झाले. लेकरू 8:30 लाच बसावं असं वाटत असेल तर तुम्हाला सकाळी 6 ला बसावं लागेल. आपल्या पश्चिमेला असलेला देश घड्याळ पुढं करतो तेव्हा अंतर घटतं, एवढंच सूत्र आहे.

जर्मनी हिवाळ्यात +1, उन्हाळ्यात +2. अंतर साडेचारावरून साडेतीनावर येतं, म्हणून तुमची 9:30 ची बॅच 8:30 ला येते.

तारखा मात्र जुळत नाहीत, आणि खरा घोळ तिथंच होतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते, युरोप शेवटच्या रविवारी. 2026 मध्ये 8 मार्च आणि 29 मार्च. मधल्या तीन आठवड्यांत तुमची एक बॅच सरकलेली असते आणि दुसरी नसते. परतताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, 25 ला. अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, 1 ला.

अजून एक बारकावा. न्यू जर्सीत मार्चमधला बदल रात्री 2 ला होतो, तेव्हा आपल्याकडं रविवार दुपारचे 12:30. म्हणजे तुमचा रविवार सकाळचा क्लास जुन्याच वेळेला, सोमवारपासून नवी वेळ. युरोपचा बदल आपल्या रविवारी सकाळी 6:30 ला होतो, म्हणून जर्मनीची बॅच त्याच रात्री बदललेली असते.

परभणीचा शेतकरी

फिनिक्सचं मी सांगतो, कारण ते आपल्यासारखंच कडक उन्हाचं गाव आहे. ते ज्या राज्यात आहे ते ॲरिझोना 1968 पासून घड्याळ हलवत नाही (तिथल्या नवाहो लोकांचा मुलूख तेवढा हलवतो). घड्याळ पुढं केलं की संध्याकाळी ऊन तासभर जास्त वेळ राहतं. मे महिन्यात परभणीत संध्याकाळी 6 ला पत्र्याखाली उभं राहून बघा, अजून एक तास ऊन कोण मागेल? म्हणून फिनिक्स कायम −7 वर, आपल्यापासून कायम साडेबारा तास.

आपल्याला याची गरजही नाही. उन्हाळ्यात दिवस फार लांबतो तिथंच ही युक्ती कामाची. बर्लिनला जूनमधला दिवस जवळजवळ 17 तासांचा आणि डिसेंबरमधला 8 तासांच्याही आत. आपल्याकडं फरक दोन-सव्वादोन तासांचा. तरी भारताचं घड्याळ कधी हललंच नाही असं नाही. महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत ते तासभर पुढं होतं.

नांदेडच्या गणिताच्या बाई

उदगीरकर भाऊ, संख्यारेषा काढून बघितली आणि एकदम डोक्यात बसलं. पाचवीच्या लेकरालाही हे वजाबाकीचं उदाहरण म्हणून देईन.

पण फिनिक्सचं लेकरू राहिलंच की. क्लास 6 ला घेतला तर त्याच्याकडं 5:30 होतात, तेव्हा ते मैदानावरून आलेलं नसतं.

उदगीरकर, मु. पो. फ्रँकफर्ट

तिथं एकाला तडजोड करावीच लागेल. बॅचमध्ये जास्त घरं न्यू जर्सीची असतील तर क्लास त्यांच्या घड्याळाला बांधा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये क्लास टाकताना टाइम झोन कोलकाता (म्हणजे भारताची वेळ) न ठेवता न्यूयॉर्क निवडा आणि वेळ रात्रीचे 8:30 लिहा. मार्चमध्ये तुमच्या फोनवर तो आपोआप सकाळी 6 ला दिसेल, नोव्हेंबरात परत 7 ला. जर्मनीच्या बॅचला बर्लिन निवडा. फिनिक्सच्या आईला फेब्रुवारीतच कळवा, म्हणजे मैदानाची वेळ बदलायला त्यांना सवड मिळेल.

नांदेडच्या गणिताच्या बाई

दोन्ही बॅच आत्ताच तशा टाकल्या. 9 मार्चला सकाळी 6 आणि 29 मार्चला रात्री 8:30 दिसायलंय. फिनिक्सच्या आईला आज फोन करते.