स्पायडर-व्हर्सची ब्लू-रे मागवण्याआधी

'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'ची (२०१८) अमेरिकन डिस्क एक्स्ट्रांसाठी मागवायची आहे. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या प्लेअरवर चालेल का?

↳ ४के डिस्कला रीजन (कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याचं बंधन) नसतो. ब्लू-रेला असू शकतो: अमेरिका ए, भारत सी. दुकानदाराचं 'मल्टिरीजन' बहुधा डीव्हीडीपुरतंच असतं, ब्लू-रेचं वेगळं विचारा.

↳ 'अल्टरनेट युनिव्हर्स मोड' चुकवू नका. कापलेले प्रसंग स्टोरीबोर्डसकट सिनेमात बसवलेत. मुलाखती ठीकठाक.

↳ आधी टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा, प्लेअरवर २४पी (सेकंदाला २४ फ्रेम) चालू. सुरुवातीला नायक माइल्सची बरीचशी हालचाल सेकंदाला १२ पोझची, म्हणजे एक पोझ दोन फ्रेम टिकते. स्मूदिंग मध्ये स्वतःच्या फ्रेम घुसडतं नि तो मुद्दाम ठेवलेला अडखळा पार धुऊन टाकतं. जंगलातल्या प्रसंगात पॉज करून एकेक फ्रेम सरकवा. माइल्सशेजारचा अनुभवी स्पायडर-मॅन पीटर दर फ्रेमला हलतो.